डिकीत शिरलेले नाना

नानांना ऐकू कमी येतं हे जगात फक्त नानांनाच ठाऊक होतं, आणि दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही असा त्यांनी पण केला होता. कळलं की संपलं. गॅरेज आता लेकच बघते. ती हातातला पान्हा काढून घेईल आणि दारात खुर्ची टाकून देईल, बसा इथे, गिऱ्हाइकांच्या किल्ल्या घ्या म्हणून. छे, त्यापेक्षा मेलेलं बरं!

म्हणून तर घोळ झाला. शिवणकाम करणाऱ्या बाईंची जुनी गाडी गेल्या आठवड्यात आली होती. तिची कुलपं हवेवर चालतात. किल्ली फिरवली की मागच्या सीटखालचा पंप बारीक नळ्यांतून हवा सोडतो आणि डिकीसकट सगळी दारं लागतात. नळीला कुठे चीर पडली, की पंप बसतो घुरघुरत आणि कुलूप ढिम्म हलत नाही. नानांनी डिकीची नळी कानाशी धरली, फुसफुस काही ऐकू येईना, तेव्हा नळी ठणठणीत आहे असं छातीठोक सांगून त्यांनी डिकीचं कुलूपच बदललं. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! आज गाडी पुन्हा दारात.

"मागे लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे असतात हो," बाई म्हणाल्या. "डिकी लागत नाही तर गाडी सोडून जाऊ कुठे?"

नानांनी त्यांच्या ओठांकडे बघत मान डोलावली.

"मी बघू का, नाना?" लेकीनं विचारलं.

"तू किल्ली फिरव. मी आत जातो."

आठवडाभर डोकं खाजवून त्यांना एक सुचलं होतं. डिकी उघडी असते तेव्हा नळी सरळ राहते, बंद केली की बिजागरीपाशी दुमडते. चीर तेव्हाच तोंड उघडत असणार. ते पाय पोटाशी घेऊन आत शिरले, वरचं अस्तर काढलं आणि झाकण लावायला सांगितलं.

आत काळोख. पंप सुरू झालेला पाठीला कळला. कान गेले तर गेले, ओठ तर आहेत! नानांनी वरचा ओठ जिभेनं ओला केला आणि नळीच्या कडेकडेनं हळूहळू नेला. बिजागरीपाशी ओठाला गार लागलं. पुन्हा नेला, पुन्हा गार. सापडलीस, भवाने. नाना एकटेच हसले.

एकदम झाकण वर गेलं. लेक पांढरीफटक पडली होती. तिच्या मागे समोरच्या दुकानातला न्हावी हातात वस्तरा घेऊन उभा.

"कधीची हाका मारतेय मी," ती म्हणाली. "गुदमरलात की काय वाटलं."

"कामात लक्ष होतं."

"नाना, माझ्या ओरडण्यानं हे रस्ता ओलांडून आले."

न्हावी बिचारा मान खाली घालून निघून गेला. नाना डिकीच्या कडेवर बसले. "वर्ष झालं असेल," ते म्हणाले. "नळी मला ऐकूच आली नाही गं." आणि त्यांनी खिशातला पान्हा काढून तिच्यापुढे धरला.

तिनं पान्हा घेतला. मग विचारलं, "चीर सापडली?"

"सापडली."

"मग कापा."

नानांनी चिरलेला तुकडा कापला, नवा तुकडा घातला, दोन्ही टोकांना रबरी जोड बसवले आणि दुमडायला जरा ढील ठेवली. लेकीनं डिकी लावून किल्ली फिरवली. सवयीनं नाना तिच्या तोंडाकडे बघू लागले. तिनं त्यांचा हात धरून मागच्या सीटवर दाबला. तळव्याखाली थरथर झाली, आणि थांबली.

"लागली," नाना म्हणाले, तिच्या आधी.

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि ओठ दिसतील असं सावकाश बोलली. "उद्या कान दाखवायचे. आणि पुढच्या वेळी आत शिरलात की मी हाक मारणार नाही, पत्र्यावर थाप मारेन."

पुढच्या वेळी म्हणाली ती. नानांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"पान्हा दे माझा."