शुक्रवारची भाजीगाडी

नवरा गेल्यावर इन्शिराहला तिच्या मुलानं, वाइलनं, कैरोतल्या शुब्रा या गजबजलेल्या वस्तीतल्या जुन्या घरातून उचलून शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत आपल्याकडे आणलं. लिफ्ट, हिरवळ, कारंजं, फाटकावर पहारा.

"इथं कुणाचा आवाज नाही, आई," तो म्हणाला. खरंच नव्हता, आणि तेच तिला खायला उठायचं.

एका दुपारी मुलुखियाची पालेभाजी शिजत आली आणि फोडणीला कोथिंबीरच नव्हती. दुकान गाडीशिवाय गाठता येत नव्हतं, वाइल कामावर. शुब्रात फेरीवाला खालूनच टोपलीत भाजी टाकायचा; त्या सवयीनं तिनं टोपलीला दोरी बांधून गॅलरीतून खाली सोडली आणि हाक मारली. खाली फक्त पहारेकरी अवदल्ला होता.

"हाज्जा, वर घ्या ती. साहेबांनी पाहिलं तर माझी नोकरी जाईल."

"एक जुडी कोथिंबीर आणून दे, लगेच घेते."

"इथं जुडी कुठली? पाकिटातली मिळते, तीही मेलेली."

शेजारच्या गॅलरीत कुणीतरी हसलं. सौसन नावाची दातांची डॉक्टर होती ती. "माझ्या कुंडीत आहे, खाला. येते घेऊन."

त्या दिवशी ती जेवूनच गेली.

संध्याकाळी वसाहतीच्या व्यवस्थापकाचा वाइलला फोन आला. तो घरात शिरला तोच चिडून. "आई, चारचौघांत लाज आणलीस."

"कोण चारचौघं? शेजारणीचं नाव तरी ठाऊक आहे तुला?"

वाइलला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं तो तिथं राहत होता.

इन्शिराहनं शुब्राच्या भाजीवाल्याला बोलवायचं ठरवलं, पण व्यवस्थापक फेरीवाल्यांना आत येऊ देईना. मग सौसन आणि इन्शिराहनं घरोघरी बेल वाजवली. ताजी भाजी सगळ्यांनाच हवी होती. आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं इतकंच. एवढी माणसं कचेरीच्या दारात आल्यावर व्यवस्थापक नमला. नमाजानंतर, फक्त शुक्रवारी, एकच गाडी.

शुब्राचा भाजीवाला टेम्पो घेऊन आला. बायका टोमॅटो दाबून पाहू लागल्या, भावावरून हुज्जत घालू लागल्या. लिंबं आणायला उतरलेला वाइल तासभर आलाच नाही. इन्शिराहनं वाकून पाहिलं, तर तो खालच्या मजल्यावरच्या गृहस्थाशी फुटबॉलवरून तावातावानं भांडत होता.

"शुब्राची सर नाही याला," ती सौसनला म्हणाली.

"मग परत जाणार?"

"बघू. आधी खाली बसायला एखादा बाक मागू या."