शाईची ढेकर

“बाटली हलवलीस की तिला जरा निजू दे. लगेच ओतलीस तर फेस मशीनच्या पोटात जाईल.”

“शाई आहे हो आत्या, बाळ नाही,” असं सकाळी फोनवर म्हणत मी ओतून मोकळी झाले होते.

आता लहान मुलांच्या दवाखान्याच्या भिंतीसाठीचा समुद्र छापून येत होता, आणि निळ्यात पांढऱ्या रेघाच रेघा. देवमाशावर जणू कुणी फणी फिरवली होती. मशीनचं शाई फवारणारं हेड साफ करायचं बटण दाबलं. रेघा वाढल्या. पुन्हा दाबलं. आणखी वाढल्या.

आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या. हे छपाईचं दुकान त्यांनी एकटीनं उभं केलं. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन त्या घरी पडून होत्या आणि नवऱ्यानं मशीनला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. “आजचं काम निभावलंस तर ठेवू. नाहीतर चालवणार कोण?” मशीन गेलं की आत्या अंथरुणातून उठायच्या नाहीत, एवढं मला दिसत होतं.

मी पुन्हा फोन लावला. “आत्या, रेघा!”

“आणि तू बटण दाबत बसलीस.”

“हो...”

“थांब आधी. आत हवेचा बुडबुडा अडकलाय. हेड ढकलतं, तर बुडबुडाच दबतो नि फुगतो, शाई जागची हलत नाही. लेक दूध प्यायली की काय करतेस?”

“उभी धरते. थोपटते.”

“मग मी वेगळं काय सांगू?”

लेक पोटाशी बांधलेली होतीच. हेडवरची शाईची इवलीशी डबी सोडवली, उभी धरली, टिचक्या मारत राहिले. मण्याएवढा बुडबुडा डुलत वर आला. बिनसुईच्या सिरिंजनं तो अलगद ओढून घेतला, डबी जागेवर बसवली आणि हात आवरून थांबले. माझ्यासारखीला तेच सगळ्यात जड.

मग देवमासा आला. शेपटीपर्यंत सलग निळा! मी अशी ओरडले की लेकीनं भोकाड पसरलं.

“रडतंय कोण गं, मशीन की पोरगी?” फोनवर आत्या खदखदून हसत होत्या.

संध्याकाळी समुद्र भिंतीवर चढला. हाताला पट्टी बांधलेल्या एका मुलीनं देवमाशाला थोपटलं. नवऱ्यानं तिथूनच गिऱ्हाईकाला नकार कळवला.

आता आत्या काळा चष्मा लावून मशीनशेजारी बसतात आणि नुसत्या आवाजावरून म्हणतात, “निळीला बघ जरा.”

तुमच्याही घरात हातचं काम सुटल्यापासून गप्प झालेलं कुणी असेल. “बरंय ना?” विचारलंत तर “बरंय” म्हणतील. आजच जाऊन शेजारी बसा, आणि स्वतःचं काहीतरी अडलेलं त्यांच्यापुढे ठेवून बघा.