शोकेसमधली हिरवी बाटली

जानरावांइतका नाक मुरडणारा माणूस अख्ख्या अमरावतीत नव्हता. त्यांना विचाराल तर ते म्हणत, अमरावतीत नाक मुरडण्यासारखं आहेच एवढं, त्याला मी काय करू? त्यातही पहिला नंबर बिअरचा.

सत्तावीस वर्षं त्यांनी मराठवाड्यातल्या एका बिअरच्या कारखान्यात चव पाहण्याची नोकरी केली. सकाळी दहाला, तोंडात पान नाही, अंगाला अत्तर नाही, पुढ्यात बारा ग्लास. वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि खोट सापडली की कागदावर लिहायची. त्यांनी 'नाही' म्हटलं की अख्खी टाकी गटारात ओतली जाई, मग साहेब कितीही आदळआपट करोत. असा माणूस निवृत्त होऊन गावी आला की गावाची खैर नसते.

त्यांची मागणी तशी साधी होती. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, एक बाटली चांगली लागर बिअर. थंडीत सावकाश मुरवलेली, फिकी सोनेरी. आधी धान्याची हलकी गोडी, मग जराशी कडवट चव, आणि गिळल्यावर तोंड स्वच्छ. तिच्यात मसाला नाही, फळांचा वास नाही, म्हणून काही बिघडलं तर लपायला जागाच नसते. पण एवढीही गोष्ट मिळेना. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात दुकानाच्या दारात खोकी रचलेली. आतला फ्रिज वीजबिलाच्या धाकानं रात्री बंद. बाटलीवरची तारीख पाहावी तर दहा महिन्यांपूर्वीची. घोट घेतला की ओल्या पुठ्ठ्याची चव. आणि वर दुकानदार त्यांनाच शिकवणार, "काका, स्ट्राँग घ्या न. काहून माइल्डच्या मांगं लागले?"

बारमध्ये गेले तर ग्लासाला ऑम्लेटचा वास. शेजारच्या टेबलावर एकजण बिअरमध्ये बर्फ घालून वर मीठ टाकत होता आणि उसळणारा फेस पाहून टाळ्या पिटत होता.  जानरावांनी आपला ग्लास बेसिनमध्ये रिकामा केला आणि मालकाला चार शब्द सुनावले.

"दुसऱ्या कोनाले वास येत नाही, तुमालेच कसा येते?" मालक म्हणाला.

हा प्रश्न त्यांना चांदूर रेल्वेतही विचारला गेला. अचलपूरला एका दुकानात ताजा माल येतो असं ऐकून ते एसटीनं गेले आणि रिकामी पिशवी घेऊन शिव्या घालत परतले. शेंदूरजनाघाटला साळ्याच्या घरी वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं हौसेनं दिलेला घोट त्यांनी सगळ्यांदेखत संत्र्याच्या आळ्यात थुंकला. तेव्हापासून साळा बोलत नव्हता.

"तुमच्या जिभेपायी माह्यं माहेर तुटलं," जानरावांच्या पत्नी कौशल्याबाई म्हणत. "आता पोरीचं सासरही तोडा."

ते काही उगाच नव्हतं. मुलीला, आकांक्षाला, आलेलं आधीचं स्थळ चहावरूनच गेलं होतं. मुलाच्या घरी त्याच्या आईनं कप हातात दिला आणि जानराव म्हणाले, "दूध उतरून राहिलं हाय." त्या मंडळींनी पुन्हा निरोप पाठवला नाही.

आणि आता शिवम आला होता. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आकांक्षाच्या सोबत शिकलेला, तिनं स्वतः पसंत केलेला. फक्त दोन्ही घरांनी एकमेकांना पाहणं राहिलं होतं. त्याच्या वडिलांचा, पुंजारामांचा निरोप आला, मे महिन्यातल्या एका रविवारी सगळ्यांनी संध्याकाळी जेवायला या.

अकोल्याच्या बसमध्ये बडनेरा मागे पडलं तशी आकांक्षा बापाच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, आज काहीबी समोर आलं तरी छान म्हनायचं. तोंड वाकडं नाही करायचं. माह्यासाठी."

जानरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बरं," ते म्हणाले. हे एवढंसं 'बरं' म्हणणंही त्यांच्या जिवावर आलं होतं.

पुंजारामांचं घर पश्चिमेला तोंड करून होतं. बैठकीत खिडकीसमोरच काचेचं शोकेस. त्यात एसटीतल्या विनाअपघात सेवेचा बिल्ला, निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, शिवमची दोन पदकं, आणि मधोमध, देव ठेवावा तशी, परदेशी लागरची एक हिरवी बाटली. दुपार कलली होती. खिडकीतलं ऊन थेट त्या बाटलीवर पडलं होतं आणि ती हिरवीगार चमकत होती. जानरावांची नजर खिडकीतून बाटलीवर आणि बाटलीवरून पुन्हा खिडकीवर गेली.

पुंजाराम उंच, काटक, बोलायला मोकळा माणूस. त्यांच्या पत्नी पार्वताबाई बायकांना आत स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेल्या तसं पुंजारामांनी शोकेस उघडलं, बाटली दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि बर्फाच्या बादलीत उभी केली.

"जानरावभाऊ, एकतीस वर्षं यष्टी चालवली. मांगं पन्नास मानसं बसून राहत, म्हनून थेंबाले शिवलो नाही. रिटायर झालो त्या दिवशी शिवमनं हे बाटली गोव्यावरून आनली. म्हटलं, जानकार मानूस घरी येईन तवाच फोडू. तीन वर्षं झाले, रोज पुसून ठेवतो."

"तीन वर्षं," जानराव म्हणाले.

"तिथंच, शोकेसमंधी. आकांक्षानं सांगतलं होतं आमाले, बाबाले बिअरमधलं सारं समजते, अन् बाबा खोटं बोलत नाहीत."

शिवम कोपऱ्यात लाजून हसत उभा होता. अर्ध्या तासानं पुंजारामांनी झाकण उघडलं आणि दोन ग्लास भरले. ग्लास हातभर लांब होता तेव्हाच जानरावांना वास आला. जळलेलं रबर आणि वर लसणाचा ढेकर. उन्हात मेलेली बिअर. कारखान्यात असा नमुना आला तर ते खिडक्या उघडायला लावत.  स्वयंपाकघराच्या दारात आकांक्षा येऊन उभी राहिली होती. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

जानरावांनी घोट घेतला. तो तोंडात शिरला आणि तिथंच बसला. आधी रबर, मग पुठ्ठा, मग काहीतरी आंबट. ओकारी दाढांपर्यंत आली. डोळे मिटून, सारा देह आवळून त्यांनी ती घाण गिळली.

"छान," ते म्हणाले.

दारात आकांक्षानं श्वास सोडला. कौशल्याबाई तिच्या मागून डोकावल्या, त्यांचा तर कानांवर विश्वासच बसेना. पुंजारामांचा चेहरा उजळला. त्यांनी आपला ग्लास कपाळाला लावला आणि आयुष्यातला पहिला घोट घेतला.

त्यांना उचकी लागली. डोळ्यांत पाणी आलं. घोट कसाबसा खाली उतरवून त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"अशीच असते काय?" त्यांनी हळूच विचारलं. "मले त टायर जळाल्यावानी वास येऊन राहिला. पन तुमी छान म्हनता त छानच अशीन. माहीच जीभ गावठी." आणि त्या भल्या माणसानं दोन बोटांनी नाक धरून ग्लास पुन्हा तोंडाला लावला.

जानराव पाहत राहिले. त्यांनी किती दुकानदारांना शिव्या घातल्या होत्या, किती बारवाल्यांना खडसावलं होतं. ते बिचारे अडाणी तरी होते. आपल्याला माहीत आहे, आणि माहीत असून आपण या माणसाच्या तोंडात घाण ओततोय. लागर म्हणजे ही, असं त्याला शिकवतोय. त्याची धडधाकट जीभ त्याला खरं सांगते आहे आणि आपण तिला गावठी ठरवतोय. एवढी किळस त्यांना कुठल्याच बिअरची आली नव्हती.

त्यांनी हात पुढे करून पुंजारामांचा ग्लास धरला.

"नका पिऊ. नासली हाय. हिरव्या काचेतून ऊन आत जाते, त्यानं मेली. तुमची जीभ बराबर हाय. मी खोटं बोललो."

 शिवमनं मान खाली घातली. कौशल्याबाईंनी कपाळाला हात लावला आणि आकांक्षाकडे तर जानरावांना पाहवेना.

"मंग छान काहून म्हटलं?" पुंजारामांनी विचारलं.

"पोरीचं जमावं म्हनून."

पुंजारामांनी ग्लास खाली ठेवला.

"आमच्या डेपोत एक मेकॅनिक होता. ब्रेक तपास म्हटलं की न पायताच म्हने, ठीक हाय. मोठा गोड मानूस. पन त्याच्या बोलन्यावर मी कदी गाडी काढली नाही."

जानरावांनीही आपला ग्लास खाली ठेवला. आयुष्यभर तोंडावर खरं बोलून लोक दुखावले, आणि एकदाच खोटं बोललो तर हे ऐकायला मिळालं. त्यांना लाज वाटली, पुरती लाज. निघावं म्हणून ते उठले. पुंजारामही उठले आणि त्यांनी डोक्याला दुपट्टा बांधला.

"चला."

"कुठं?"

"चांगली कशी असते थे दाखवा न आता. तीन वर्षं वाट पायली मी."

भर उन्हात दोघं निघाले. पहिल्या दुकानात बाटल्या दारातच तापत होत्या. जानरावांनी उंबरठाही ओलांडला नाही. दुसऱ्यात तारीख अकरा महिन्यांपूर्वीची निघाली. तिसऱ्यानं स्ट्राँग पुढे केली तेव्हा जानराव असं काही बोलले की पुंजारामांनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. चौथी एक छोटी बिअर शॉपी होती.

"रात्री फ्रिज बंद करता काय?" जानरावांनी विचारलं.

मालक भिंतीकडे पाहू लागला.

"मंग फ्रिजमधली नको. नवीन खोकं कोनतं?"

मागच्या अंधाऱ्या खोलीतून परवाच आलेलं खोकं निघालं. तपकिरी बाटली, कोणी ढुंकून पाहणार नाही असली साधी, आपल्याकडचीच लागर. तारीख बावीस दिवसांपूर्वीची. जानरावांनी ती उजेडात न धरता लगेच पिशवीत घातली.

घरी आल्यावर ग्लास त्यांनी स्वतः मिठानं घासून चार पाण्यांनी धुतले. बर्फात पाऊण तास बाटली ठेवली, कोणालाही हात लावू दिला नाही. मग ओतली. वर पांढरा, घट्ट फेस बसला. वास घेतला, सवयीनं खोट शोधली. सापडली नाही. घोट घेतला. ताज्या धान्याची गोडी, मागून सरळ, नेटकी कडवट चव, आणि मग तोंड स्वच्छ. निवृत्तीनंतर पहिल्यांदा असं झालं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"हे चांगली हाय," ते म्हणाले. मोठ्यानं बोलायची हिंमत उरली नव्हती.

पुंजारामांनी ग्लास उचलला, वास घेतला, मान डोलावली आणि घोट घेतला.  मग त्यांचं तोंड डाव्या बाजूला गेलं, मग उजव्या बाजूला गेलं. ते उठून खिडकीशी गेले आणि घोट खालच्या कोरफडीच्या कुंडीत थुंकून आले.

"छ्या! कडू हाय, भाऊ. टायरचा वास नाही, खरं हाय. नासली नाही थे मलेबी समजलं. पन हे तुमची चांगली? याच्यासाठी तुमी गावोगाव हिंडता? पार्वताबाई, मठ्ठा आना बाप्पा, तोंडाची पार चव गेली!"

सत्तावीस वर्षांची विद्या कोरफडीला मिळाली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर जानरावांनी त्याचं तोंड पाहिलं नसतं. पण आता त्यांना हसू फुटलं, आणि ते थांबेना. शिवमही हसायला लागला.

पार्वताबाई फणकारत मठ्ठ्याचे पेले घेऊन आल्या. नव्या पाहुण्यांसाठी खास केलेला मठ्ठा. पुंजारामांनी एक पेला जानरावांच्या हातात दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. पार्वताबाईही पदर खोचून तिथंच उभ्या राहिल्या.

"कसा हाय?" पुंजारामांनी विचारलं.

जानरावांनी घोट घेतला. दारात आकांक्षा होती. तिनं या वेळी डोळ्यांनी काहीच विनवलं नाही.

"मीठ जास्त झालं," जानराव म्हणाले.

पार्वताबाईंच्या भुवया वर गेल्या. पुंजारामांनी मांडीवर थाप मारली.

"ऐकलं काय? तीस वर्षांपासून सांगून राहिलो मी!" ते ओरडले. "शिवम, आतून पंचांग आन. या मानसाच्या बोलन्यावर मी गाडी काढतो."