माझ्या घशातलं तेल

मी घरगुती सिनेमाचा प्रोजेक्टर बोलतोय. आता बोलतोय तर ऐकून घ्या, कारण मध्यंतरी माझी बोलती बंद होती आणि ज्यांना तोंड होतं त्यांनी माझ्याबद्दल वाट्टेल ते बोलून घेतलं.

जन्मकथा फार लांबवत नाही. कारखान्यातल्या लांब टेबलावर एकीने माझं भिंग बसवलं, दुसरीने मोटर, आणि शेवटच्या बाईने माझ्या पोटाशी मटाराच्या दाण्याएवढं एक हेड बसवलं. फिल्मच्या कडेला तपकिरी पट्टी असते, तिच्यात आवाज साठवलेला असतो. ती पट्टी हेडला घासून गेली की मी बोलतो. बस्स, एवढंच माझं शास्त्र. यात न समजण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

मला विकत आणलं ते या घरातल्या बाबांनी. माणूस हौशी आणि मायाळू, पण एक खोड वाईट. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली सदा हाताशी. दार कुरकुरलं, घाल तेल. कात्री अडली, घाल तेल. पंखा गपगुमान फिरत असला तरी दोन थेंब, पुढे कुरकुरू नये म्हणून! मी कसा सुटणार?

त्यांच्या बायकोचा, म्हणजे आईचा, आवाज खणखणीत होता. माझं लाल बटण दाबून माइकसमोर बोललं की चालत्या फिल्मवर नवा आवाज भरला जातो आणि जुना कायमचा पुसला जातो. मुलांच्या खेळाच्या एका रिळावर आईने असा आवाज भरला. कोण कोणाला ढकलतंय, कोणाचं नाक वाहतंय, सगळं सांगत सुटली होती.

पुढे बाबा गेले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मग आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती कोणाला हाक मारायची तर वाटीवर चमचा वाजवते.

परवा नातीने आपल्या वडिलांना, म्हणजे आईच्या मुलाला, विचारलं, "बाबा, आजी बोलायची कशी हो?"

"तुझी आजी?" मुलगा म्हणाला, "खिडकीतून हाक मारली तर रस्त्यावरची अनोळखी माणसंसुद्धा वळून बघायची." मग त्यालाच ते रीळ आठवलं. आईचा आवाज जगात तेवढ्या एकाच जागी उरला होता. मला खाली काढलं आणि माझे हाल सुरू झाले.

भिंतीवर चित्र झकास आलं. आवाज मात्र नुसता, घुंऽऽ.

"प्लग हलवून बघा," सून म्हणाली. हलवला. मग मुलाने माझ्या पाठीत धपाटा घातला. माणसाला ठसका लागल्यावर घालतात ते ठीक, मला कशाला? वर म्हणतो कसा, "जुन्या वस्तूंना असंच लागतं." अरे, चाळिशी तर तूही ओलांडलीस. घालू का?

मग दुरुस्तीवाला आला. मला नीट उघडलंसुद्धा नाही, तोवर याचं ठरलेलं, "स्पीकर गेलाय, काका." नवा स्पीकर बसवला. पूर्वीची घुंऽऽ आता मोठ्याने येऊ लागली.

खरं कारण मला ठाऊक होतं. बाबांचं तेल वर्षानुवर्षं ओघळून हेडवर जमलं होतं, त्यात धूळ कालवली गेली होती. पट्टी हेडला टेकतच नव्हती. पण सांगणार कसं? सांगता येत नाही हाच तर बिघाड! आणि कारण ओळखणारं घरात आणखी एकच माणूस होतं, तेही मुकंच.

आईने वाटी वाजवली. माझ्याकडे बोट केलं आणि चिमटीने थेंब टाकल्याची खूण केली, टप, टप.

"आई म्हणतेय, तेल घाला!" मुलगा ओरडला. शेवटी बापाचाच मुलगा. 'घालू नका' म्हणून तिचा हात नकारार्थी हलेपर्यंत हा बाटली घेऊनही आला आणि मला यथेच्छ तेल पाजलं. आईने कपाळावर हात मारला. मला कपाळ नाही. लिहून दाखवावं तर तिचा हात थरथरतो, आणि ज्याला खूण कळत नाही त्याला लिहिलेलं काय कळणार, असा तिचा बाणा.

दुरुस्तीवाल्याने हात झटकले. "फिल्मवरचा आवाजच उडालाय. संपलं."

नातीचा चेहरा एवढासा झाला.

"गेलाच आहे तर हे लाल बटण दाबून बघतो," मुलगा म्हणाला. रीळ चालू होतं. अरे शहाण्या, पुसशील रे सगळं! मी जिवाच्या आकांताने घुंऽऽ केलं. त्याला वाटलं, सुधारतोय! बोट बटणाला टेकणार, तोच खाड्कन चमचा बसला बोटांवर.

आईने सगळ्यांना हाताने मागे सारलं. गळ्याजवळची ऑपरेशनची जागा पुसायचा तिचा कापूस घेतला, औषधांच्या डब्यातलं स्पिरिट घेतलं आणि चाचपडत माझं हेड शोधून पुसू लागली. एक बोळा काळा झाला, मग दुसरा, मग तिसरा. मला रडू येत होतं. प्रोजेक्टरला रडता येत नाही ते बरंच, नाहीतर त्या पाण्यावरही कोणीतरी तेल सोडलं असतं.

रीळ पुन्हा लावलं. चाक जरासं कुरकुरलं. मुलाचा हात सवयीने बाटलीकडे गेला.

"अहो, ठेवा ती बाटली खाली!" मी गरजलो. म्हणजे आई गरजली, माझ्यातून. "किती वेळा सांगितलं, त्यात तेल घालू नका म्हणून!"

मुलाने बाटली गपचूप खाली ठेवली.

"एकच थेंब गं," बाबांचा आवाज आला.

"एकही नाही!"

"ही... आजी?" नात पुटपुटली. मुलगा डोळे पुसत मान हलवत होता. आई भिंतीवरचं चित्र बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्याबरोबर तिचे ओठ हलत होते, एकही शब्द न चुकता.

रीळ संपलं तसा वाटीवर चमचा वाजला. पुन्हा लाव.

आता मी तिच्या खोलीत टेबलावर असतो. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला धपाटे घालू नका, तेल पाजू नका. आणि घरात कोणी खुणेने काही सांगत असेल, तर तेवढी खूण पुरी होईपर्यंत तरी थांबा.