माझ्या बांगड्या होणार नाहीत

मित्रांनो, मी ग्रामोफोनची एक जुनी, वाकडी तबकडी आहे. वाकडी खुशाल म्हणा. पण मुकी म्हणाल तर याद राखा!

माझं अंग लाखेचं. अहेरीच्या रानात पळसाच्या फांद्यांवरची लाख कोणीतरी खरवडून विकली, ती कलकत्त्याला गेली आणि कारखान्यात दाबून तिची मी झाले. माझ्या बारीक रेघांत सूर भरला तो मात्र अमेरिकेतल्या एका थोर वादकाचा. जॅझ म्हणतात त्या संगीताला. तो पितळी ट्रंपेट असा फुंकायचा, की रडता रडता मध्येच खुदकन हसू यावं.

नागपूरच्या एका साहेबाने देश सोडताना सामान विकलं. त्या गठ्ठ्यातून एकोणीसशे त्रेपन्न साली मी अहेरीला, म्हणजे माहेरीच, भैयाजींच्या चहाच्या हॉटेलात आले. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक जमावं म्हणून त्यांनी चावीचा ग्रामोफोन ठेवला होता. मला लावलं मात्र, बाकावरून आवाज आला, "काऊन जी भैयाजी, रेडा बोंबलून राह्यला काय?" सगळे हसले. भैयाजींनी मला उतरवलं आणि चहाच्या गरम पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं. झाकण! एवढ्या मोठ्या कलावंताला पोटात घेऊन मी चहा झाकत बसले! वाफेने माझी कड वाकली. आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

एका बाजाराला लाखेच्या बांगड्या करणारी मनकर्णाबाई आली. "भैयाजी, हे मले द्या. वितळवून बांगड्या करतो." भैयाजी लगेच तयार झाले. मी मनातल्या मनात ओरडले, पण सुई टेकल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही ना!

ते उघडलं इतवारीभाऊंमुळे. ते लग्नांत सनई वाजवायचे. पहिल्या दिवशी सगळे हसले, तेव्हा एकटे तेच हसले नव्हते. ते म्हणाले, "थांबा ना बाई. एकडाव आयकू द्या, मंग न्या."

भैयाजींनी चावी भरली. सुई माझ्या वाकड्या अंगावर वर-खाली डुलू लागली. मी ठरवलं, आज अडखळायचं नाही. ट्रंपेट चढत चढत वर गेला, थांबला आणि तिथून आणखी वर गेला. इतवारीभाऊंचे डोळे भरून आले.

"अगा बाप्पा! हा फुंकून नाई राह्यला, बोलून राह्यला! मले इतका दम पुरत नाई, अन् हा वरतून हासते!"

त्यांनी पिशवीतून सनई काढली आणि माझ्या सुरामागे लावली. चुकले, पुन्हा लावली. बाजारातली माणसं थैल्या घेऊन दारात उभी राहिली.

सुई उचलली तेव्हा सगळे मनकर्णाबाईकडे पाहू लागले. तिने मला उचललं, माझी वाकडी कड चाचपली आणि परत ग्रामोफोनवर ठेवलं.

"याच्या बांगड्या नाई करत मी. घालणारीचे हात चुलीपाशी राह्यतीन काय? नाचतीन!"

तेव्हापासून दर बाजाराला मी वाजते, डुलत डुलत आणि खणखणीत. मित्रांनो, अनोळखी सुराला हवं तर हसा, पण आधी तो शेवटपर्यंत ऐका. येताना मला पुसायला मऊ फडकं आणा. आणि झाकण हवं असेल, तर भांड्यांच्या दुकानात जा!