झाकणाआतली खूण

भगवंतरावांच्या तोंडून एकच गोष्ट वदवून घ्यायची, एवढं ठरवूनच महामाया देऊळगाव राजातल्या त्यांच्या घड्याळाच्या दुकानात शिरली. चार वर्षांपूर्वी तिचे वडील माणिकराव याच काउंटरपुढे उभे राहून म्हणाले होते, माझं घड्याळ सर्व्हिसिंगला दिलं आणि डायल बदलून परत आलं. तेव्हा या माणसानं त्यांना भर बाजारात खोटारडं ठरवलं आणि समोरच्या हॉटेलातली टाळकी फिदीफिदी हसली. त्या दिवसापासून त्या हॉटेलातला चहा माणिकरावांनी सोडला तो सोडलाच. महामायाच्या मनात तो राग अजून धगधगत होता.

आता भगवंतराव जुनी घड्याळं घेऊन पुण्याच्या हौशी लोकांना विकत. मोठे जाणकार! महामायाला त्यांनी ओळखलं नाही, तिनं पुढे ठेवलेल्या घड्याळालाही नाही. काउंटरला दोन गिऱ्हाइकं टेकली होती. त्यांनाही आपली अक्कल कळावी म्हणून भगवंतरावांनी डोळ्याला भिंग लावून आवाज चढवला.

“जनता मॉडेल हाय, पण कामाचं नाही ताई. हे अक्षर पाहा, कसं जाड झालं. कंपनीची छपाई रेखीव राह्यते. मिनिटाच्या रेघा वाकड्या, काठावर रंग उतू गेला. डायल नंतर रंगवलेली हाय.”

“मंग मूळची कुठं गेली?”

“काढून घेतली कोणीतरी. चावी, काटे, मशीन सारं ओरिजिनल हाय. चांगली डायल पाह्यली अन् हात मारला. असे चोर बसले या धंद्यात!”

“चोरच म्हणायचं ना त्याले?”

“त काय साधू म्हणता?”

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. महामायाचा जीव भांड्यात पडला, पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

“आतून बी पाहा,” ती म्हणाली.

त्यांनी पात्यानं मागचं झाकण काढलं. दुरुस्ती केली की घड्याळजी झाकणाच्या आत सुईनं आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो. पुढे तक्रार आली तर काम आपलंच होतं का, ते कळावं म्हणून. भगवंतरावांनी सवयीनं झाकण उजेडात धरलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. आत एकच खूण होती, ‘भ’. खाली चार वर्षांपूर्वीची तारीख.

“वाचा ना. चोराचं नाव वाचा.”

“हे कोणी बी कोरलं असंल!”

एका गिऱ्हाइकाचं घड्याळ तिथंच दुरुस्त होऊन पडलं होतं. त्यानं त्याचं सुटं झाकण उचलून शेजारी धरलं. त्यातही तसाच लांब शेपटीचा ‘भ’ होता.

“माह्यातलं काय काय काढलं बे?” तो ओरडला.

भगवंतरावांनी गल्ला उघडला. “डायल केव्हाच विकली गेली, बाई. बोल, किती पैसे पाह्यजे?”

“पैसे घाला तुमच्या घशात,” महामाया म्हणाली. तिनं वडिलांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन भगवंतरावांच्या तोंडापुढे धरला. “सांगा माह्या बाबाले, माणिकरावले.”

दोन्ही गिऱ्हाइकं डोळे वटारून उभी होती. भगवंतराव फोनकडे वाकले.

“माणिकराव... तुमची डायल म्याच काढली होती.”



“महामाया,” माणिकराव पलीकडून म्हणाले, “दुकानात किती जण हायेत?”

“दोघं, बाबा.”

“त्या दिवशी लई होते. हॉटेलातले सारे बोलावून ठेव. मी शर्ट घालून येतो.”