मुकादमसाठी तहकूब खेळ

ठराव नामंजूर झाला आणि आम्ही सगळ्यांनी सिनेमा बघितला.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. आपण गुरुवारी दुपारी साताऱ्यात, थिएटरसमोरच्या चहाच्या गाड्यावर आहोत आणि ठराव अजून मांडायचाच आहे.

मांडणार मी होतो. माझा उजवा पाय सकाळपासून आपोआप हलत होता. मी तो डाव्या पायानं दाबून धरला, तर डावा हलायला लागला. तीनचा खेळ हा त्या सिनेमाचा साताऱ्यातला शेवटचा खेळ होता. शुक्रवारी दुसरा लागणार होता. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण ते लांबलचक आहे आणि पोस्टरवर त्यात तीन उद्गारचिन्हं आहेत.

सातारा-सांगलीकडं माणसाला आधी नाव मिळतं आणि मग कुठल्या तरी संस्थेचं सभासदत्व. साखर कारखाना, दूध संघ, सोसायटी, पतसंस्था. त्यामुळं आम्ही चौघं सिनेमाला जायला लागलो तेव्हा आम्हाला येत होती त्याच पद्धतीनं जायला लागलो. अध्यक्ष, सूचक, अनुमोदक, ठराव. चहाच्या गाड्यावर सभा भरवायची, एकमत झालं तर सिनेमा, नाही झालं तर घरी. गेल्या वर्षभरात आम्ही भरपूर सभा घेतल्या आणि दोन सिनेमे बघितले.

अध्यक्ष आप्पासो. पलटणीतून हवालदार होऊन आलेले. मिशी अजून सर्व्हिसमध्येच आहे. दुसरा गोमटेश, सांगलीकडचा, एमआयडीसीत माझ्या शेजारच्या मशीनवर असतो. त्यानं गेल्या कित्येक वर्षांत एकही सिनेमा पूर्ण बघितलेला नाही, त्यामुळं मंडळात त्याचं मत सगळ्यात निःपक्षपाती मानतात. तिसरी सृष्टी. ती लॉ कॉलेजला आहे आणि मंडळाचे नियम तिनंच केलेत. चौथा मी.

पाचवी होती माझी आत्या, दगडाबाई. पण ती सभासद नव्हती. ती माण तालुक्यातून पहाटेच्या एसटीनं आली होती आणि गाड्यावरच्या बाकड्यावर पिशवी घेऊन बसली होती. पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर, त्या मांडीवरून या मांडीवर. चहावर साय आली तरी तिनं कप उचलला नव्हता.

मंडळाला मी सांगितलं होतं की आत्या दवाखान्याच्या कामाला आलीय. हे खोटं होतं. ती मुकादमला बघायला आली होती.

मुकादम म्हणजे आत्याचा मेंढा. मागच्या उन्हाळ्यात दहिवडीकडं शूटिंगवाले आले, मुकादमची शिंगं त्यांना आवडली आणि ते त्याला टेम्पोत घालून दोन दिवस घेऊन गेले. तुम्ही यायची गरज नाही, म्हणाले आत्याला. परत आणून सोडला तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता. पण तेव्हापासून तो आत्याच्या हातून खाईना. ती विळा घेऊन गवत कापायला निघाली की हा दाव्याला हिसके देत मागं सरायचा. लग्नाच्या वरातीतला ढोल वाजला की भिंतीला डोकं लावून उभा राहायचा. डॉक्टरला दाखवलं, देवऋष्याला दाखवलं. दोघांनीही मेंढ्याला काही झालेलं नाही असं सांगितलं.

"त्याला तितं काय केलं ते बगायचंय मला," आत्या फोनवर म्हणाली होती. "त्यो काय सांगायचा न्हाई. शिनेमात दिसंल."

आता तुम्ही म्हणाल, मग दोन तिकिटं काढून दोघांनी जायचं. एक काढून बघितलं होतं, बुधवारी, मी एकट्यानं, अंदाज घ्यायला. पाच तिकिटं गेली नाहीत तर खेळ रद्द, हा त्या थिएटरचा नियम. मी एकटाच होतो. मॅनेजरनं पैसे परत दिले आणि वर मलाच विचारलं, "बरा आहे का हो सिनेमा?"

म्हणजे आत्या एक आणि मंडळ चार. एकजण जरी फुटला तरी मुकादम बघायचा राहिला.

आणि मला खरं सांगताही येत नव्हतं. एका माजी सभासदाचा मेहुणा एका सिनेमात गर्दीत नाचला होता. त्यापायी त्यानं आम्हाला पावणेतीन तास बसवलं आणि मेहुणा खांबाच्या मागं होता. तेव्हापासून सृष्टीनं नियम केला की ज्याचा नातेवाईक सिनेमात असेल त्याला मत नाही.

"विषय क्रमांक एक," आप्पासो म्हणाले. "सदर सिनेमा बघणेबाबत. बोला."

"बघू नये," गोमटेश म्हणाला.

"कारण?"

"सांगलीत माझी चुलतबहीण ब्राह्मी गेलती. मध्यंतराला उठून आली."

"पुढचा अर्धा कसा आहे मग?" मी विचारलं.

"तिच्या शेजारचा माणूस शेवटपर्यंत होता. पण त्यो झोपला होता."

"म्हणजे कुणालाच माहिती नाही."

"माहिती कशाला पायजे? मत हाय की."

सृष्टी मोबाइल बघत होती. "लोकांनी बरे स्टार दिलेत. एकानं एकच दिलाय, पण त्याला पार्किंग मिळालं नव्हतं."

"ते धरायचं," गोमटेश म्हणाला. "आणि मला सांगा, हल्लीचा कुठला सिनेमा बघण्यासारखा हाय? पहिली दहा मिनिटं हिरो नुसता चालतोय. हळूहळू. धूर सोडून. आपल्या कंपनीत असा चालला तर अर्धा दिवस कापतील. मग मारामारी. एक बुक्की मारली की चौदा माणसं आभाळात. मग आई मरती. सगळ्यांची आई मरती, गड्या. एखाद्याची तरी ठेवा."

"यात आई मरत नाही," मी म्हणालो.

"तुला काय ठाऊक?"

"ट्रेलरमध्ये... जिवंत वाटली."

माझा पाय परत सुटला. घड्याळात बघायचं नाही असं ठरवून मी घड्याळात बघितलं.

आप्पासो पोस्टरकडं बोट दाखवत होते. "त्यो बगा. उघड्या डोक्यानं सॅल्यूट ठोकतोय. टोपी न्हाई तर सॅल्यूट न्हाई. आमच्या युनिटात ह्याच्या पाठीला पिट्ठूचं ओझं लावून ग्राउंडला पळवला असता."

"आप्पासो, तो सैनिक नाहीये. फॉरेस्ट ऑफिसर आहे," सृष्टी म्हणाली.

"मग सॅल्यूट कुणाला मारतोय?"

"झाडाला असेल."

"झाडाला सुद्धा टोपी घालूनच."

"कधीतरी मोबाइलवर येईल की," गोमटेश म्हणाला. "घरी बघू. कंटाळा आला की पुढं ढकलायचा."

"घरी मजा नाही," मी म्हणालो. "मोठा पडदा तो मोठा पडदा."

"तुला आजच का एवढी खाज सुटलीय रं?" गोमटेश म्हणाला. "सकाळपासनं बूड टेकलं न्हाईस."

"लागला का रं?" आत्यानं चौथ्यांदा विचारलं.

"कुठं नंबर लागला का म्हणतायत?" आप्पासोंनी आदबीनं विचारलं. "दवाखान्यात का?"

आत्यानं पिशवी खाली ठेवली. "कसला दवाखाना? आवं, तुमी मगाधरनं त्या शिनेमाला नावं ठेवताय. त्यात माझा मेंढा हाय."

आप्पासोंनी कप बशीत ठेवला.

"मेंढा," आप्पासो म्हणाले.

"मुकादम."

सृष्टीनं माझ्याकडं बघितलं. तिनं मोबाइल पालथा ठेवला. "नियम क्रमांक नऊ," ती म्हणाली.

"मेंढा नातेवाईक होत नाही," मी म्हणालो. "कुठल्याच कायद्यात होत नाही."

"आवं मावशी," आप्पासोंनी आत्याला विचारलं, "मेंढा तुमचा कोण?"

माझ्या चेहऱ्याकडं एकदा बघितलं असतं तर तिला कळलं असतं. पण ती आप्पासोंकडं बघत होती. "कोन म्हंजे? लेकावाणी हाय माझ्या. बाटलीनं दूध पाजलंय त्याला."

"आत्याचा लेक," सृष्टी माझ्याकडं वळली. "म्हणजे तुझा आतेभाऊ."

"मतदानातून वगळण्यात येत आहे," आप्पासो म्हणाले.

मला वगळून मतदान झालं. सृष्टी बाजूनं. तिला आतेभाऊ बघायचा होता. गोमटेश विरोधात. आप्पासो सॅल्यूटपायी विरोधात. ठराव नामंजूर.

आणि समोर थिएटरचा मॅनेजर जयराज पायऱ्या उतरून आला आणि त्यानं दारावर 'खेळ रद्द' अशी पाटी अडकवली.

आत्या उठून उभी राहिली. पदर खांद्यावरून ओढला, सोडला, परत ओढला. मग एसटी स्टँड कुठल्या बाजूला आहे ते आठवत असल्यासारखी दोन्हीकडं बघायला लागली.

आप्पासो पाटीकडं बघत होते. त्यांची मिशी हळूहळू ताठ झाली.

"ओ मॅनेजर," त्यांनी हाक मारली. "रद्द कशापायी?"

"तिकिटं गेली न्हाईत. पाच लागतात."

"म्हंजे गणपूर्ती झाली न्हाई."

"तसंच म्हणा."

"मग रद्द कसा हुईल? गणपूर्तीअभावी तहकूब होतोय. अर्ध्या तासानं, त्याच जागी, त्याच विषयावर. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट लागत न्हाई. पाटी बदला."

"आवं, हा सिनेमा हाय."

"विषयपत्रिकेवर हाय ना? बाहेर बोर्ड लावलाय ना तीनचा? मग."

दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात जयराज हसून आत गेला असता. पण जयराज एका पतसंस्थेचा संचालक होता. तिथली प्रत्येक वार्षिक सभा गणपूर्तीअभावी तहकूब व्हायची आणि अर्ध्या तासानं जिलेबी खाऊन झालेल्या सात माणसांसमोर सगळे विषय मंजूर व्हायचे. त्यानं एकदा आप्पासोंकडं बघितलं, एकदा पाटीकडं, आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मंजूर."

म्हणाल्यावर त्याला आपण काय म्हणालो ते कळलं. पण मंजूर झालेलं मागं घ्यायची पद्धत आमच्याकडं नाही.

"पण आप्पासो, आपला ठराव नामंजूर आहे," सृष्टी म्हणाली.

"त्यो आपला. हे त्यांच्या सभेचं कामकाज हाय. आपण निमंत्रित."

"साडेतीनला सुरू म्हंजे सहाला सुटणार," गोमटेश म्हणाला. "मला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय." तरी तो आत्याकडं बघत राहिला. मग त्यानं सॅक उघडली आणि रात्रीचं जेवण दुपारी सव्वातीनला, थिएटरच्या पायरीवर बसून उरकलं. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "मी विरोध नोंदवून आत येतो."

त्या अर्ध्या तासात आत्यानं थिएटरला तीन फेऱ्या मारल्या.

आत पंखे चालू होते, आम्ही पाच होतो आणि बाकीच्या खुर्च्या दुमडलेल्या होत्या. पडद्यावर आधी पाटी आली, सगळं काल्पनिक आहे, कुठल्याही प्राण्याला इजा झालेली नाही. मग हिरो हळूहळू चालला. धूर होता. गोमटेशनं मला कोपरानं डिवचलं. मारामारी झाली. आत्या खुर्चीच्या कडेवर बसली होती. प्रत्येक शेळी, प्रत्येक कुत्रं आलं की पुढं वाकायची आणि परत मागं यायची.

मग जत्रा आली. ढोल वाजायला लागले. आणि दोन माणसांनी दाव्याला धरून मुकादमला ओढत आणलं.

तो एवढा मोठा मी कधी बघितला नव्हता. त्याच्या डोळ्यांत दिवे दिसत होते. समोर एक माणूस हातात चाकू घेऊन उभा होता आणि ढोल थांबत नव्हते. मुकादमनं मान वळवली. हिरोकडं नाही, कॅमेऱ्याकडं नाही. बाजूला, पडद्याच्या बाहेर कुठंतरी. मग दुसरीकडं वळवली.

"मला हुडकतोय," आत्या म्हणाली. नेहमीच्या आवाजात.

माझे दोन्ही पाय थांबले होते.

चाकू वर गेला, चित्र बदललं. पुढच्या प्रसंगात सगळं गाव पंगतीला बसलं होतं आणि हिरो रस्सा वरपत होता. गोमटेशनं दोन्ही हातांनी डोळे झाकले. आत्या उठली आणि पायाखालचं चाचपत बाहेर निघाली. आम्हीही निघालो. मागं रिकाम्या हॉलमध्ये सिनेमा चालूच राहिला, कारण तो मंजूर झालेला होता.

पायरीवर आत्यानं गावाकडं शेजारणीला फोन लावला. शेजारीण मुकादमजवळ गेली, फोन त्याच्या तोंडाशी धरला. तो ओरडला. आत्यानं ऐकलं, पण चेहरा काही सैल झाला नाही.

"म्हनून विळा बगून मागं सरतोय," ती म्हणाली. "त्याला वाटतंय म्या बी त्यातलीच."

"मावशी, ते खरं नव्हतं," सृष्टी म्हणाली. "सुरुवातीला लिहून आलं होतं बघा. सगळं काल्पनिक आहे म्हणून."

"ते तुमाला सांगितलं, पोरी. त्याला कुनी सांगितलं?"

आप्पासो खाली रस्त्याकडं बघत उभे राहिले. गोमटेश म्हणाला, "म्या सांगतोय तेच. हल्लीचे सिनेमे बघण्यासारखे नसतात." पण त्याच्या आवाजात नेहमीचा दम नव्हता.

"मी सांगून बगितलं त्याला," आत्या म्हणाली. "ऐकत न्हाई. आनि काय झालं ते मला तरी कुटं ठाव हुतं? ज्यानं भेव घातलं त्यानंच सांगाया पायजे."

दहिवडीची गाडी सुटायला थोडाच वेळ होता. पायरीवरच सभा भरली. माझं मत मला परत देण्यात आलं. आप्पासो सूचक, गोमटेश अनुमोदक, विरोध कुणाचाच नाही. मजकूर सृष्टीनं मोबाइलवर घेतला, आत्यानं दोनदा ऐकला, शेवटची अट वाढवायला लावली आणि गाडीत बसली. तो असा:

प्रति, मा. निर्माते. विषय: मेंढा नामे मुकादम यांस वस्तुस्थिती समजावून सांगणेबाबत. महोदय, आपल्या चित्रपटातील जत्रेचा प्रसंग काल्पनिक असल्याचे आपण प्रेक्षकांस कळविले आहे, तथापि सदर प्रसंगात प्रत्यक्ष उपस्थित असलेल्या मेंढ्यास तसे आजतागायत कळविलेले नाही. तरी सदर प्रसंगातील चाकूधारी कलाकाराने सोयीच्या कोणत्याही दिवशी मौजे दहिवडी परिसरात समक्ष येऊन, मेंढ्याच्या मालकीणबाई श्रीमती दगडाबाई यांच्या उपस्थितीत, आपण त्यास कापणार नव्हतो असे त्याला त्याच्या जवळ बसून, त्याला पटेपर्यंत सांगावे, आणि या वेळी मालकीणबाईंना 'तुम्ही यायची गरज नाही' असे सांगू नये, ही नम्र विनंती.